ईसीजी नॉर्मल, तरीही: मधुमेहात हृदय कसं बिघडतं आणि ते वेळेत कसं ओळखायचं

छातीत दुखत नाही, ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हृदय ठणठणीत. मधुमेह नसलेल्या माणसालाही हा हिशेब पुरता लागू पडत नाही; मधुमेह असेल तर तो सपशेल चुकू शकतो. मधुमेह हृदयाला तीन वाटांनी गाठतो: रक्तवाहिन्यांतून, हृदयाच्या स्नायूतून आणि हृदयाला जाणाऱ्या मज्जातंतूंतून. प्रत्येक वाटेचा तपास वेगळा आहे. अँजिओग्राफी स्वच्छ आली तरी स्नायू ताठरलेला असू शकतो, आणि टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग उत्तम दिसलं तरी वाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. म्हणून नुसतं 'हृदय तपासून घेतलं' म्हणून भागत नाही. कोणती शंका होती आणि तिच्यासाठी कोणती तपासणी केली, ते पाहावं लागतं.

एक शब्दाचा घोळ आधीच मिटवू. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही 'नस' म्हणतो आणि मज्जातंतूलाही. 'नसा खराब झाल्यात' असं कोणी सांगितलं तर कोणत्या, ते विचारून घ्या, कारण पुढचा सगळा तपास त्यावर ठरतो. या लेखात वाहिनी म्हणजे रक्ताची आणि मज्जातंतू म्हणजे संवेदना व हुकूम वाहून नेणारा.

वाहिन्या: एका जागी गाठ नव्हे, लांबवर थर

प्रत्येक वाहिनीला आतून पेशींचं एकेरी अस्तर असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं; त्यामुळे वाहिनी गरजेप्रमाणे सैल होते आणि प्लेटलेट तिथे चिकटत नाहीत. साखर सतत चढी राहिली की नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, वाहिनी आखडलेली राहते आणि अस्तरातून कोलेस्टेरॉलचे कण आत झिरपू लागतात.

इथे लिपिड रिपोर्ट फसवतो. टाइप २ मधुमेहात एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा, आकडा बऱ्याचदा साधारणच दिसतो. पण कण लहान, दाट आणि संख्येने जास्त असतात. सोबत ट्रायग्लिसराइड १५०च्या वर आणि एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, कमी (पुरुषांत ४०च्या, स्त्रियांत ५०च्या खाली) अशी जोडी दिसली, तर एलडीएलवर विसंबू नका. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. उरलेला नॉन-एचडीएल आकडा किंवा अपोबी (अशा कणांची संख्या सांगणारं प्रथिन) खरी परिस्थिती जास्त चांगली सांगतात.

मधुमेहातला थर सहसा एका ठिकाणी साचत नाही. तो वाहिनीच्या लांबीभर पसरतो, बारीक फांद्यांपर्यंत जातो, त्यात कॅल्शियम जास्त असतं, आणि अनेकदा दोन-तीन वाहिन्यांत एकाच वेळी असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रीडम चाचणीत, मधुमेह आणि एकापेक्षा जास्त वाहिन्यांत अडथळे असलेल्यांना स्टेंटपेक्षा बायपासचा फायदा जास्त झाला. त्यामागचं एक कारण हेच: स्टेंट एक जागा उघडतो, बायपास वाहिनीचा रोगट भागच ओलांडून पुढे जातो. शिवाय रक्त गोठण्याकडे कल वाढलेला असतो आणि झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची ताकद कमी झालेली असते. त्यामुळे लहानसा थर फुटला तरी मोठी गुठळी बसू शकते.

स्नायू: पंपिंग चांगलं, पण सैल होत नाही

१९७२ मध्ये रुबलर आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या चार रुग्णांचं वर्णन केलं. त्यांना हार्ट फेल्युअर होतं, म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नव्हतं, पण हृदयाच्या मोठ्या वाहिन्यांत ते होण्यासारखा अडथळा नव्हता. मधुमेहामुळे हृदयाचा स्नायूच बिघडू शकतो, ही कल्पना तिथून रुजली. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासाने मोजमाप पुढे आणलं: मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण सुमारे दुप्पट, तर स्त्रियांत सुमारे पाचपट. बाईमाणसाला हृदयविकार कमी होतो, हा समज मधुमेह आला की टाकून द्यावा.

हे घडतं कसं? एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. साखर तशीच हृदयातल्या कोलॅजेनलाही चिकटते. फरक एवढाच की तांबडी पेशी सुमारे १२० दिवसांत बदलली जाते, कोलॅजेन वर्षानुवर्षं तिथेच राहतं. साखरेने त्याचे धागे एकमेकांना टाचले जातात आणि हृदयाची भिंत ताठर होते. त्यातच मधुमेही हृदय इंधन म्हणून ग्लुकोज कमी आणि चरबी जास्त वापरतं, आणि तेवढ्याच ऊर्जेला चरबीवर ऑक्सिजन जास्त खर्च होतो.

ताठर हृदय आकुंचन नीट पावतं, प्रसरण नीट पावत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये ते पुरतं भरत नाही, मग मागे फुप्फुसांत दाब वाढतो. लक्षण म्हणून दिसतं ते एवढंच: जिना चढताना पूर्वी लागत नव्हता तो दम. वय झालं, वजन वाढलं, व्यायाम सुटला, या कारणांखाली हा दम वर्षानुवर्षं झाकला जातो.

मज्जातंतू: धोक्याची घंटाच बंद

पायांची बधिरता बहुतेकांना ठाऊक असते. तीच झीज हृदयाच्या मज्जातंतूंचीही होते. सहसा आधी व्हेगस हा ब्रेकचं काम करणारा मज्जातंतू जातो, म्हणून विश्रांतीतली नाडीही वेगाने चालते. पुढे उभं राहिल्यावर रक्तदाब टिकत नाही. वेदनेचा निरोप नेणारे तंतू गेले, की स्नायूला रक्त कमी पडूनही छातीत दुखत नाही. सायलेंट अटॅक म्हणतात तो बऱ्याचदा असाच येतो.

घरी करता येण्याजोग्या चार नोंदी

रक्तदाबाचं दंडावर बांधायचं यंत्र, घड्याळ आणि वजनकाटा एवढं पुरे. मनगटावरची यंत्रं हाताच्या स्थितीने आकडा बदलतात, या कामाला ती टाळा.

पहिली नोंद नाडीची. सकाळी उठल्यावर, चहा-कॉफीआधी, पाच मिनिटं शांत बसून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चौपट होते आणि अनियमित ठोका निसटतो. ताप, रक्तक्षय, थायरॉइड यांपैकी काही नसताना नाडी रोज १००च्या वर राहत असेल, तर हृदयाच्या मज्जातंतूंचा संशय घ्यायला जागा आहे. ९०च्या आसपास कायम अडकलेली नाडीही डॉक्टरांच्या कानावर घालावी.

दुसरी नोंद जरा निगुतीने करायची. पाच मिनिटं आडवे पडा आणि पडल्यापडल्याच रक्तदाब व नाडी घ्या. मग उभे राहा, आधाराला भिंत आणि शेजारी माणूस असू द्या. उभं राहिल्यापासून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभेपणी यंत्राचा हात खाली लोंबू देऊ नका. टेबलावर किंवा दुसऱ्याच्या हातावर हृदयाच्या पातळीला टेकवा, नाहीतर आकडा खोटाच चढा येतो आणि झालेली घसरण लपते. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ती खरी घसरण. आता नाडी बघा. रक्तदाब पडूनही ती जेमतेम चार-पाच ठोक्यांनीच वाढली, तर दोष मज्जातंतूंत असण्याची शक्यता जास्त. नाडी भराभर वाढली तर शरीरात पाणी कमी असणं किंवा औषधाचा डोस जास्त असणं हे आधी तपासावं.

तिसरी नोंद वजनाची. सकाळी लघवीनंतर, तेवढ्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलो वाढ ही चरबीची नसते, पाण्याची असते. तेव्हाच नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. काढल्यावर खड्डा राहतो का, आणि तो घोट्यापाशीच आहे की वर गुडघ्याकडे सरकलाय, ते लिहा.

चौथी नोंद दमाची. एकच जिना ठरवून घ्या आणि महिन्यातून एकदा नेहमीच्या चालीने चढा. कुठे थांबावं लागलं, वर पोचून सलग वाक्य बोलता येतं का, एवढं टिपा. झोपताना उशा किती लागतात तेही. एकीच्या दोन झाल्या आणि 'मानेला बरं वाटतं' असं कारण पुढे आलं, तरी आडवं पडल्यावर दम लागतो का, हे एकदा पडताळावं.

वर्षातून एकदा काय करायचं

टाइप २ मध्ये निदानाच्या दिवसापासून, कारण आजार कळण्याआधी तो काही वर्षं अंगात असू शकतो. टाइप १ मध्ये साधारण पाच वर्षांनंतर. रक्तात लिपिड, क्रिएटिनिन आणि त्यावरून ईजीएफआर (मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा अंदाज). लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. ही लघवीची तपासणी लोक मूत्रपिंडाची म्हणून ओळखतात, पण ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वरचा आकडा हृदयाचाही धोका वाढल्याचं सांगतो. मूत्रपिंडातलं अस्तर गळू लागलं म्हणजे इतर वाहिन्यांतलंही शाबूत असेलच असं नाही. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा कडक व्यायाम यांनी आकडा खोटा वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढीव आले तरच तो खरा धरतात.

ईसीजी काढावा, पण त्याची ताकद ओळखून. तो त्या दहा सेकंदांपुरतं बोलतो. जुन्या अटॅकची क्यू लाट, डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक (विजेच्या संदेशाच्या वाटेतला अडथळा), जाड झालेली भिंत, एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, अनियमित ठोके), लांबलेला क्यूटी (ठोक्यानंतर विजेची स्थिती पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) हे त्यात सापडतं. वाहिनी ७० टक्के अरुंद असूनही विश्रांतीतला ईसीजी कोरा येऊ शकतो. जुना ईसीजी मात्र जपून ठेवा. नव्या कागदातला बदल जुन्याशेजारी ठेवल्यावरच कळतो.

पायाचा आणि हाताचा रक्तदाब यांचं गुणोत्तर, म्हणजे एबीआय, ही कमी वापरली जाणारी पण मोलाची तपासणी. ०.९० किंवा कमी म्हणजे पायाच्या वाहिन्यांत अडथळा, आणि तो असेल तर हृदयाच्या वाहिन्याही संशयित. मधुमेहातला सापळा वेगळाच: घोट्याच्या वाहिन्या कॅल्शियमने इतक्या कडक होतात की पट्टा त्यांना दाबूच शकत नाही, आणि गुणोत्तर १.४०च्या वर जातं. हे रक्त भरपूर असल्याचं लक्षण नव्हे. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा, तिथे ०.७०च्या खालचं गुणोत्तर वाईट.

मज्जातंतूंसाठी तासभराचा तपास लागत नाही. ईसीजी चालू ठेवून मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायचे: पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना मंदावते. हा फरक १५ ठोके किंवा जास्त असेल तर ठीक, १० किंवा कमी असेल तर दोष. उतारवयात फरक आपोआप कमी होतो, म्हणून आकडा वयाशी ताडून वाचतात. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) चालू असेल तर तसं नोंदवून ठेवावं.

स्नायूसाठी: आधी रक्त, मग एको

लक्षणं नसतानाही वर्षातून एकदा बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी करावं, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या २०२२च्या अहवालात सुचवलं आहे. बीएनपी ५० किंवा एनटी-प्रोबीएनपी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलं, की एको करायचा. हे द्रव्य ताणल्या गेलेल्या हृदयातूनच रक्तात येतं. वय, मूत्रपिंडाचा आजार आणि एट्रियल फिब्रिलेशन यांनी ते वाढतं. लठ्ठपणात कमी दिसतं. त्यामुळे लठ्ठ माणसाला दम लागत असेल आणि आकडा 'नॉर्मल' असेल तर तेवढ्यावर फाइल बंद करू नये. हार्ट फेल्युअरवरची सॅक्युबिट्रिल असलेली गोळी चालू असेल तर बीएनपी फसवतं, तिथे एनटी-प्रोबीएनपीच मागा.

एकोचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर ईएफवर जाते, म्हणजे एका ठोक्यात हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं त्यावर. ६० टक्के लिहिलेलं असतं, सगळे निश्चिंत होतात. पण ईएफ आकुंचनाचा आकडा आहे, आणि मधुमेहात आधी बिघडतं ते प्रसरण. रिपोर्टमध्ये खालच्या ओळी शोधा. ई म्हणजे हृदयात भरणाऱ्या रक्ताचा वेग, ई-प्राइम म्हणजे सैल होताना भिंत हलण्याचा वेग. ई भागिले ई-प्राइम १४च्या वर म्हणजे भरताना दाब जास्त. ई-प्राइम हृदयाच्या मधल्या पडद्याकडे ७च्या खाली किंवा बाजूच्या भिंतीकडे १०च्या खाली म्हणजे स्नायू आळसावून सैल होतोय. डाव्या कर्णिकेचं आकारमान शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ३४ मिलिलिटरच्या वर गेलं असेल, तर दाब बऱ्याच काळापासून वाढलेला आहे. कर्णिका एका दिवसात फुगत नाही. एखादा आकडा एकटाच हलला तर निष्कर्ष काढू नये, निम्म्याहून जास्त एकाच दिशेने बोलले तर काढावा. ग्लोबल लाँजिट्यूडिनल स्ट्रेन (आकुंचनात स्नायू लांबीत किती टक्के आखडतो) ही नोंद उपलब्ध असेल तर जरूर करून घ्यावी: ती साधारण २० टक्क्यांच्या आसपास हवी, १६च्या खाली आली तर ईएफ शाबूत असतानाही स्नायू दमलेला आहे.

रिपोर्टमध्ये नुसतं 'ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन' एवढंच असेल तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. साठीनंतर ते मधुमेह नसलेल्यांतही सर्रास दिसतं. सोबत दम, फुगलेली कर्णिका किंवा वाढलेलं बीएनपी आहे का, यावर त्याचं वजन ठरतं.

ब्लॉकेज शोधायचं का, कोणाचं आणि कशाने

लक्षणं नसलेल्या प्रत्येक मधुमेही माणसाची स्ट्रेस टेस्ट (हृदयाला ताण देऊन करायची तपासणी) करावी, असं वाटणं साहजिक आहे. डायड नावाच्या अभ्यासात हेच तपासलं: टाइप २ मधुमेहाचे, लक्षणं नसलेले ११२३ लोक, निम्म्यांचं स्ट्रेस स्कॅन (ताण असताना हृदयाच्या स्नायूला रक्त कुठे कमी पोचतं ते दाखवणारं), निम्म्यांचं नाही. २००९ मध्ये निष्कर्ष आला. सुमारे पाच वर्षांत हृदयाने मृत्यू किंवा अटॅक स्कॅन केलेल्यांत २.७ टक्के, न केलेल्यांत ३.० टक्के, म्हणजे फरक नगण्य. सरसकट स्कॅनपेक्षा रक्तदाब, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) आणि तंबाखू सोडणं यांकडे लक्ष द्यावं, हा त्यातून निघणारा व्यवहारी अर्थ. स्ट्रेस टेस्टला कारण हवं: नवा दम, श्रमाने जबड्यात किंवा दंडात येणारी अस्वस्थता, बिघडलेला ईसीजी, पायाच्या वाहिन्यांचा आजार, किंवा वरच्या नोंदींतली गडबड.

लक्षणं नाहीत पण स्टॅटिन किती जोरात द्यावं याचा निर्णय अडलाय, अशा वेळी कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या वाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन) कामाचा. औषध टोचत नाहीत, दहा-पंधरा मिनिटांत होतो. शून्य चांगला, १००च्या वर काळजीचा, ४००च्या वर गंभीर. मऊ, कॅल्शियम नसलेला थर त्यात दिसत नाही, म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाने शून्य स्कोअर घेऊन घरी बसू नये.

ट्रेडमिलची टेस्ट वाचताना एक आकडा आवर्जून पाहा: २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के. ६० वर्षांच्या माणसाला १३६. नाडी तिथवर पोचलीच नाही आणि ईसीजी बदलला नाही, तर रिपोर्ट 'निगेटिव्ह' नसून अपुरा आहे. मज्जातंतू झिजलेल्या माणसाची नाडी चढतच नाही, त्यामुळे असा अपुरा रिपोर्ट मधुमेहात वरचेवर येतो. बीटा ब्लॉकर टेस्टआधी थांबवायचा का, हे डॉक्टरांनीच सांगायचं. मनाने अचानक बंद केला तर उलट अटॅकला आमंत्रण. पायाला जखम असेल किंवा डोळ्याच्या पडद्यावर नव्या वाहिन्या फुटल्या असतील, तर ट्रेडमिलवर चढण्याआधी ते सांगा. औषधाने ताण देऊन करायचा एको किंवा स्कॅन हा पर्याय असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटीच्या तपासणीला डोस किती घ्यायचा ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

स्ट्रेस स्कॅन एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करतो. तिन्ही वाहिन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळीकडे सारखंच कमी रक्त दिसतं आणि चित्र सरळ भासतं. लक्षणं जोरदार आणि स्कॅन स्वच्छ, असं झालं तर सीटी अँजिओ किंवा नेहमीच्या अँजिओग्राफीचा विषय काढा. सीटी अँजिओला नाडी साठीच्या आसपास लागते, आणि कॅल्शियम फार असेल तर अडथळा आहे त्याहून मोठा दिसतो. ईजीएफआर कमी असेल तर कॉन्ट्रास्टच्या (स्कॅनसाठी टोचायच्या द्रव्याच्या) वेळी मेटफॉर्मिन थांबवून ४८ तासांनी मूत्रपिंड तपासून मगच सुरू करतात.

पाय सुजले किंवा वजन चढलं तर हृदयावर खापर फोडण्याआधी गोळ्यांची यादी बघा. पायोग्लिटाझोन अंगात पाणी धरतं आणि हार्ट फेल्युअर वाढवू शकतं. सॅक्साग्लिप्टिनबाबतही २०१३च्या चाचणीत हार्ट फेल्युअरमुळे दाखल होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. रक्तदाबाच्या अम्लोडिपिननेही घोटे सुजतात, पण त्यात दम लागत नाही.

अचानक दरदरून घाम

मधुमेही माणसाला घाम फुटला की घरचे साखर कमी झाली म्हणून गोड भरवतात. भरवण्याआधी ग्लुकोमीटर लावा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी. यंत्र हाताशी नसेल तर ग्लुकोज देऊन टाका, पण घड्याळ बघत राहा. साखर ठीक असेल, कारण नसताना अचानक ३०० झाली असेल, किंवा ती वर येऊनही घाम आणि मळमळ थांबत नसेल, तर हा अटॅक समजून रुग्णवाहिका बोलवा. छातीत दुखत नाही ही सबब तिथे चालत नाही. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये, जिना उतरू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल तर फोनवर विचारून ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या.

तातडीच्या विभागात पहिलं वाक्य 'मधुमेह आहे, घाम आणि दम अमुक वाजता सुरू झाला' हे असावं. त्यामागे शेवटचं इन्सुलिन कोणतं आणि कधी घेतलं ते. पहिला ईसीजी दहा मिनिटांत व्हायला हवा. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) पहिल्या एक-दोन तासांत नॉर्मल येऊ शकतं. म्हणून पहिल्या रिपोर्टवर घरी निघण्याची घाई करू नका. दुसरं ट्रोपोनिन किती वाजता घेणार, ते विचारा आणि तोवर तिथेच थांबा.